लाईट गयी का वं?

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. दुपारचे साडेबारा. अमळनेरच्या आमच्या घराच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घातले होते, ते उलटवून मी नुकतीच खाली आले होते, तळपाय भाजलेले. अप्पा, माझे वडील, ओट्यावर बाजेवर बसले होते. समोर अंगणात एप्रिलचं ऊन, आमच्या खान्देशातलं, म्हणजे डोळे बारीक केल्याशिवाय त्याच्याकडे बघणंच नाही.

"लाईट गयी का वं?" अप्पांनी विचारलं.

"गेली असेल," मी म्हटलं. आमच्याकडे दुपारी लाईट जाणं ही काही बातमी नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, तो माझ्या लक्षातही आला नाही.

"मंग कंदील लाव ना माय. कितलं अंधारं व्हयनं."

मी हसले. अप्पांना थट्टेची सवय आहे, वाटलं तीच चाललीय. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्या उजेडाकडे तोंड करून ते बसले होते आणि त्यांचे डोळे सताड उघडे होते. पापणीसुद्धा आक्रसलेली नव्हती.

आमचे अप्पा वायरमन. तेहेतीस वर्षं नोकरी. २००५ साली वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण अप्पांच्या तोंडी ते आजही 'बोर्ड'च. "लाईट गयी का?" हे वाक्य आयुष्यभर लोकांनी त्यांना विचारलं. लग्नाच्या पंगतीत विचारलं, आमच्या आजीच्या दहाव्याला नदीवर विचारलं, एकदा तर सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना विचारलं आणि ते तसेच उठून डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, गेले. त्यांनी स्वतः ते कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांना न विचारता कळायचं. झोपेतसुद्धा पंख्याचा आवाज उतरायच्या आत ते उठून बसायचे.

२०२२ च्या दिवाळीनंतर त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखत काही नव्हतं, म्हणून त्यांनी दोन आठवडे कुणाला सांगितलं नाही. (दुखत नाही म्हणून काही नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात महागात पडलेला समज. किडनीच्या कॅन्सरमध्ये न दुखता रक्त जाणं हीच बऱ्याचदा पहिली खूण असते.) सोनोग्राफी, सीटी, डावी किडनी काढली. रिपोर्टात 'क्लिअर सेल' असं लिहून आलं. किडनीच्या कॅन्सरची ही सगळ्यात जास्त आढळणारी जात. फुफ्फुसात बारीक ठिपके होते. माझं घर नाशिकला, म्हणून पुढचे उपचार तिथेच करायचे ठरलं. महिन्या-दीड महिन्यातून एकदा धुळे, मालेगाव, चांदवड करत अप्पा यायचे, एसटीनेच. गाडी पाठवते म्हटलं तर राग यायचा.

तिथले कॅन्सरचे डॉक्टर तरुण, समजावून सांगणारे. त्यांनी कागद ओढला आणि आकृती काढली. नेहमीची केमो या कॅन्सरवर फारशी चालत नाही, म्हणाले. या जातीत व्हीएचएल नावाचं एक जनुक बहुतेक वेळा निकामी झालेलं असतं. पेशीला ऑक्सिजन पुरेसा मिळतोय की नाही, याची जी यंत्रणा असते, तिच्यात या जनुकाचं काम असतं. ते गेलं की भरपूर ऑक्सिजन असतानाही पेशीला वाटतं आपण गुदमरतोय. मग ती रक्तवाहिन्यांना हाका मारते, इकडे या, इकडे फुटा. त्या हाकेचं नाव व्हीईजीएफ. नव्या रक्तवाहिन्या गाठीकडे वळतात आणि गाठ त्यांच्यावर पोसली जाते. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा या तिघांना २०१९ सालचं नोबेल मिळालं, हेही त्यांनी सांगितलं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे त्यानी आकडा टाकेल शे."

डॉक्टरांना कळेना. मी सांगितलं. शेतात, वस्तीत लोक रात्री तारेवर आकडा टाकतात आणि मीटरशिवाय वीज घेतात. गाठीनं शरीराच्या लाइनवर आकडे टाकलेत. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "अगदी तसंच. आणि ही गोळी आकडे काढणारी."

गोळी म्हणजे कॅप्सूल होती. सुनिटिनिब, ५० मिलिग्रॅम, रोज एक, चार आठवडे घ्यायची आणि दोन आठवडे थांबायचं. अमेरिकेत किडनीच्या कॅन्सरसाठी तिला २००६ साली मान्यता मिळाली. आता इम्युनोथेरपीचीही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी, औषधं आहेत, डॉक्टरांनी ती आधी सांगितली होती, पण त्यांचा हिशेब ऐकून भावानं फक्त मान हलवली आणि अप्पा म्हणाले, "घर नही इकनं." घर विकायचं नाही. विषय संपला. कॅप्सूल देशी कंपनीची होती, परवडण्यातली नसली तरी ओढाताण करून जमण्यातली. याच घराण्यातलं दुसरं औषध सोराफेनिब. मूळ कंपनी त्याचे महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये घ्यायची. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध देशी कंपनीनं महिन्याला साधारण ८,८०० रुपयांत द्यावं असं ठरलं. अप्पांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंग पहिला रेट कशाना व्हता?" मग आधीचा दर कशाचा होता? मला उत्तर देता आलं नाही.

२७ फेब्रुवारीला पहिली कॅप्सूल घेतली. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी एक छापील कागद दिला होता. तोंड येईल, जुलाब होतील, हातापायाचे तळवे लाल होऊन सोलतील, थकवा येईल, बीपी वाढेल, थायरॉइड मंदावेल, चव जाईल. त्यानुसार सगळं होत गेलं. तोंड एवढं हुळहुळं झालं की ज्या माणसाला शेवभाजीवर वरून ठेचा लागायचा, तो दूध-भाकरी कुस्करून खाऊ लागला. कातडीवर पिवळी झाक आली. हा या कॅप्सूलचा रंगच, पण गल्लीत बोभाटा झाला की अप्पाला कावीळ झाली. शेजारच्या मावशी कुठल्या तरी गावाहून झाडपाल्याचं औषध घेऊन आल्या. वहिनीनं ते गोड बोलून घेतलं आणि मोरीत ओतलं. कोणत्या पाल्यात काय असतं आणि ते या कॅप्सूलशी कसं वागतं, कुणाला ठाऊक. लिव्हरवर आधीच तिचा भार असतो.

त्या कागदावर डोक्याबद्दल काही नव्हतं. डब्यातल्या माहितीपत्रकात होतं, मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजीत, चौथ्या की पाचव्या घडीत. मी ते वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी, शंभरात एकालाही न होणारी गोष्ट आपल्या घरी होईल असं मानून कोण बसतं?

बीपीची वही मात्र होती. मशीन मीच आणून दिलं होतं. अप्पांनी जुन्या सवयीनं वहीला रकाने आखले होते, तारीख, वेळ, 'वरचा', 'खालचा', शेरा. सबस्टेशनच्या लॉगबुकसारखेच. पहिल्या फेरीत १३४/८४, १३८/८६, १४६/९०. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली, आकडे उतरले. दुसरी फेरी १० एप्रिलला सुरू झाली. १४४/९०. १५२/९४. १५८/९६. शेऱ्यात अप्पांनी लिहिलंय, 'ऊन'. वरचा १५० च्या पुढे गेला की फोन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फोन कुणी केला नाही. १८ तारखेनंतर वही कोरीच आहे. मशीनचे सेल संपले होते आणि घरात आखाजीची गडबड होती. खापरावरचे मांडे, आमरस, लेकीबाळी माहेरी आलेल्या. दोन पेन्सिल सेल आणायला कुणाला वेळ झाला नाही, त्यात मीही आले.

दोन दिवसांपासून अप्पा म्हणत होते, "डोकं दुखस." मागच्या बाजूनं, मानेच्या वर. मायनं ओला पंचा बांधला, पायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं दिलं, मीठ घालून. ऊन लागलं असंच सगळ्यांचं मत होतं. मला आता त्या पन्ह्याच्या पेल्याची आठवण आली की काटा येतो. अर्थात एका पेल्यातल्या मिठानं काही झालेलं नाही, हे मला कळतं.

आखाजीला आमच्याकडे बाया झोके घेतात आणि पुरुष पत्ते कुटतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारेही त्या दिवशी बसतात. अप्पा रमीचे पक्के. कुणी कोणतं पान उचललं, कोणतं टाकलं, डाव संपेपर्यंत त्यांच्या डोक्यात. त्या संध्याकाळी ओट्यावर डाव रंगला होता. अप्पांनी पानं खाली मांडली आणि म्हणाले, "घ्या." क्षणभर शांतता. मग सगळे खो खो हसले. किलवरची सत्ती, अठ्ठी आणि त्यापुढे इस्पिकची नश्शी.

"अप्पा, हाई काय?"

अप्पांनी पानं जवळ घेतली, लांब धरली, मान वाकडी करून पाहिली. दोन्ही काळीच, त्यामुळे चूक होऊ शकते, नाही असं नाही. पण ते पान ज्या तऱ्हेनं ते धरत होते, ती मी दारातून पाहत होते. पानाचा डावा कोपरा त्यांना सापडतच नव्हता. अंगठ्यानं ते तो चाचपत होते, अंधारात एखादी सोललेली वायर चाचपावी तसे. मग त्यांनी पानं फेकली आणि शिवी दिली. अप्पा कधी शिवी देत नाहीत. जिभाऊ म्हणाले, "वय व्हयनं अप्पानं." सगळ्यांना ते पटलं.

तर असा तो दुसरा दिवस उजाडला होता. रविवार होता. आमचे नेहमीचे डॉक्टर घरी जेवत होते, हात धुऊन आले. त्यांनी आधी टॉर्च मारला. अप्पांच्या बाहुल्या उजेडाला बरोबर आक्रसत होत्या, डावी, उजवी, दोन्ही. "डोळे चांगले आहेत," ते म्हणाले आणि गप्प झाले. डोळे चांगले असून माणसाला दिसत नाही, याचा अर्थ त्यांना लागला असावा. दिसतं ते डोळ्यात नाही, डोक्याच्या मागच्या भागात. बीपी घेतलं. २१४/११२. दुसऱ्या हातावर पुन्हा घेतलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, धुळ्याला, आत्ता.

पस्तीस-एक किलोमीटरचा रस्ता. धुळं दिसू लागलं आणि अप्पांना झटका आला. मी त्यांना कुशीवर धरून होते, एवढंच त्यातलं सांगते.

पण हॉस्पिटलात जे झालं ते सविस्तर सांगायला हवं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं भावाला विचारलं, कोणकोणती औषधं चालू आहेत? भाऊ म्हणाला, बीपीची गोळी. आणखी? किडनीचं ऑपरेशन झालंय. आणखी? भाऊ गप्प. मागे चुलते उभे होते, जिभाऊ होते, दोन शेजारी होते. घरात ठरलेलं होतं की बाहेर फक्त 'गाठ होती, काढली' एवढंच सांगायचं. अप्पांना सगळं माहीत होतं, लपवाछपवी त्यांच्यापासून नव्हतीच, ती गावापासून होती. दोन बहिणींची पोरं लग्नाची होती. अशा वेळी घरात 'ते' आहे म्हटलं की लोक चार प्रश्न जास्त विचारतात. भाऊ वाईट नाही. तो तीन महिने जे बोलत आला होता, तेच त्या दारात बोलला. मी मोबाईलमधला पाकिटाचा फोटो डॉक्टरपुढे धरला. त्यांनी नाव वाचलं आणि चेहरा बदलला. "हे आधी सांगायचं ना," म्हणाले, आणि नर्सला हाक मारली.

एमआरआयच्या फिल्ममध्ये मेंदूच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे पांढरे डाग होते, विस्कटलेल्या कापसासारखे. न्यूरॉलॉजिस्ट बाई आल्या. त्यांनी नाव सांगितलं, प्रेस. पोस्टेरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपॅथी सिंड्रोम. मेंदूच्या मागच्या भागात सूज येते, आणि वेळेत सापडली तर ती उतरते, म्हणून रिव्हर्सिबल. वैद्यकात ते पहिल्यांदा नीट मांडलं गेलं १९९६ साली, म्हणजे तसं अलीकडेच. डोकेदुखी, उलट्या, गोंधळ, झटके, दृष्टी जाणं, ही त्याची लक्षणं.

आणि कारण? व्हीईजीएफची हाक फक्त गाठच मारत नाही. अंगातल्या निरोगी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही तिच्याच आधारानं धड राहतं. ती हाक बंद केली की रक्तवाहिन्या सैल सोडणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, त्या आवळतात, बीपी चढतं. अस्तर झिरपायला लागतं. डोक्याच्या मागच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांना दाब सांभाळणारी मज्जातंतूंची राखण जरा कमी असते, म्हणून पाणी आधी तिथे साचतं. अप्पांच्या भाषेत सांगायचं तर आकडा ओढून काढताना मेन लाइनच्याच तारा एकमेकींना लागल्या आणि अख्ख्या गल्लीचा फ्यूज गेला.

बाई हे सांगत असताना माय मधेच म्हणाली, "आमन्या मोठ्या काकूले नवव्या महिनामा असंच व्हयेल व्हतं. दिसे नही, मंग झटका उना." काकू त्यात गेली होती. घरात ती गोष्ट 'बाहेरचं लागलं' म्हणून सांगितली जायची. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी मायकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, आजी, तेच हे. गरोदरपणात बीपी चढून जे झटके येतात, त्यात मेंदूत हेच होतं. तिथे वारेतून, म्हणजे प्लासेंटामधून, असं काही रक्तात सुटतं की ते याच व्हीईजीएफला बांधून टाकतं. आमच्या कॅप्सूलची वाट वेगळी, पण परिणाम तोच. माय काही बोलली नाही. पदरानं तोंड पुसत राहिली. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका बाईचं मरण त्या दुपारी त्या कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा देवाऋषीच्या हातातून सुटलं, असं मला वाटून गेलं.

कॅप्सूल बंद केली. बीपी सलाइनमधून हळूहळू उतरवलं, एकदम नाही. झटक्यांसाठी लेव्हेटिरॅसिटॅम दिलं. फेनिटॉइन का नाही, असं मी विचारलं, कारण आमच्या शेजारच्या मुलाला तेच चालू आहे. बाई म्हणाल्या, ते लिव्हरला असं कामाला लावतं की कॅन्सरची औषधं रक्तात टिकत नाहीत. पुढे कदाचित हीच कॅप्सूल परत द्यावी लागेल, म्हणून आत्ताच ते टाळायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा अप्पा पलंगाच्या वरच्या भिंतीकडे मान वळवून बघत होते. बघत होते. मी दारातच थांबले.

"त्या बोर्डले आर्थिंग नही," ते म्हणाले.

प्लगच्या तिसऱ्या भोकाला वायर जोडलेली नव्हती म्हणे. वॉर्डबॉयला बोलावून त्यांनी ते दाखवलं, त्यानं मान डोलावली आणि निघून गेला.

पुढचे दोन-तीन महिने मात्र सोपे गेले नाहीत. दृष्टी आली, फिल्ममधले डाग महिन्याभरात जवळपास पुसले गेले, पण अप्पा पूर्वीचे वाटेनात. बोलताना शब्द अडायचा. 'पक्कड' आठवायची नाही, हातानं दाबून दाखवायचे. भाजी आणायला जायचे आणि रिकामी पिशवी घेऊन यायचे, पण रागावलेले, जणू बाजारच बंद होता. दुपारभर झोपायचे. घरातल्या प्रत्येकानं आपापलं निदान केलं. वहिनी म्हणाली, मनाला लागलंय. जिभाऊंनी 'वय' सोडलं नाही. भावाला वाटलं, झटक्यानं मेंदूला मार बसलाय. मी इंटरनेटवर वाचून घाबरले की आता तिथे पसरलं.

त्यातलं निम्मं थायरॉइड निघालं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारा आकडा, ३१ आलं. ही कॅप्सूल थायरॉइड मंद करते, कागदावर छापलेलंच होतं, आणि थायरॉइड मंदावला की माणसाचं डोकं चिखलातून चालल्यासारखं चालतं. गोळी सुरू केल्यावर सहा-आठ आठवड्यांत पक्कड परत आली. उरलेलं निम्मं कशाचं, ते कुणी ठामपणे सांगितलं नाही. रागाचं तर विचारूच नका. अप्पा आता पटकन चिडतात. कधी वाटतं हा औषधाचा राग, कधी वाटतं निवृत्त माणसाचा, आणि कधी सरळ वाटतं की आपण दहा वेळा एकच गोष्ट विचारतो म्हणून येतोय. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काही बदललं की त्याला शब्द तयार असतात. चळलं, भरमलं, हट्टी झालंय, ऊन लागलंय. जुलाबाला कुणी स्वभाव म्हणत नाही. तळवे सोलले तर कुणी वय म्हणत नाही. पत्ता चुकला, तर हसतात.

मी त्या सगळ्यांत नाशिकला राहणारी, शिकलेली. माझं हसणं मला जास्त टोचतं ते त्यामुळे. असो.

जूनमध्ये पुन्हा सीटी केला. दोन फेऱ्याही पुऱ्या झाल्या नव्हत्या, तरी फुफ्फुसातले ठिपके लहान झाले होते. म्हणजे कॅप्सूल काम करत होती. तिनंच डोळे नेले होते आणि तीच गाठीला उपाशी मारत होती. डॉक्टरांनी पर्याय मांडले. एक, दुसऱ्या वाटेनं जाणारं औषध, एव्हरोलिमस, ते व्हीईजीएफला थेट अडवत नाही, पण पहिल्या क्रमांकाचं नाही. दोन, हीच कॅप्सूल कमी ताकदीची, ३७.५ मिलिग्रॅम, दोन आठवडे घ्यायची आणि एक आठवडा थांबायची, बीपी आधी घट्ट बांधून. तीन, काही काळ नुसतं बघत राहायचं. प्रेस पुन्हा होईल का? होऊ शकतं. होईलच असं नाही. काहींना औषध परत दिलेलं आहे आणि निभावलेलं आहे.

भाऊ म्हणाला, नको. माय म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. मी काय म्हणाले ते मला आता आठवत नाही, बहुधा काहीतरी मधलं. अप्पांनी विचारलं, "पहिले ट्रिप कशावर व्हयनी? लोडवर ना?" डॉक्टर म्हणाले, हो, लोड जास्त झाला, आणि बीपी बघितलं गेलं नाही. "मंग लोड कमी करा, मीटर दखत ऱ्हावा. लाइन बंद ठेवाले कोन सांगस?"

तेहेतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. फीडर ट्रिप झाला म्हणून कुणी गाव कायमचं अंधारात ठेवत नाही.

पण एक अट त्यांनी स्वतःच घातली. हॉस्पिटलात त्यांना रोज विचारायचे, आज वार कोणता, महिना कोणता, पंतप्रधान कोण. अप्पांना ते फार अपमानाचं वाटायचं. निवृत्त माणसाला वार कशाला माहीत पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. ज्या संध्याकाळी त्यांनी पत्ते चुकवले, त्या संध्याकाळीही पंतप्रधानांचं नाव त्यांनी बरोबर सांगितलं असतं. म्हणून त्यांनी आपली परीक्षा आपण काढली. पहाटे उठल्यावर बीपी घ्यायचं, वहीत लिहायचं आणि मग त्यांची जुनी लाइन तोंडानं चालायची. अकरा केव्हीचा फीडर, सबस्टेशनपासून शेवटच्या डीपीपर्यंत, एकेक ठिकाण. मारवड, कळमसरे, पाडळसे, नीम, मधल्या मळ्यांची नावं, विहिरींची नावं, मारुतीच्या मागचा डीपी, वाकलेला खांब, इमलीजवळचा जंपर. एकूण एकेचाळीस. एक जरी नाव गळलं तरी मला फोन करायचा, मी डॉक्टरांना.

पहिल्यांदा त्यांनी ती लाइन मला म्हणून दाखवली तेव्हा मी मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि नंतर वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून काढली. खांबावर चढलेल्या माणसाच्या आवाजात ते म्हणत होते, सावकाश, प्रत्येक ठिकाणी हात ठेवून.

आता वर्ष उलटून गेलंय. बीपी दोन गोळ्यांवर आहे, १३० च्या आसपास. दर रविवारी सकाळी सात वाजता मी फोन करते आणि वहीचं शेवटचं पान समोर ठेवून ऐकते. आधी आकडे सांगतात, मग लाइन चालू होते. आजवर गळलं नव्हतं.

गेल्या रविवारी ते मारुतीच्या मागच्या डीपीपर्यंत आले आणि तिथून सरळ इमलीवर गेले. मधे एका पाटलाच्या विहिरीचं नाव आहे. मी पूर्ण होऊ दिलं. मग विचारलं, "अप्पा, मधली विहीर?"

फोनवर पंख्याचा आवाज येत होता.

"ती तोडी टाकेल शे," अप्पा म्हणाले. "दुसऱ्या फीडरवर गई. मागला महिनामा. माले पोऱ्यानी सांगं."

असू शकतं. शेतीचे फीडर वेगळे करायचं काम चालूच असतं आणि जुन्या वायरमनला नवी पोरं येऊन सगळं सांगतात. त्या सेक्शनला आता कोण आहे ते भावाला माहीत आहे, त्याचा नंबरही माझ्याकडे आहे. मी बीपीचे आकडे पुन्हा विचारले. १२८/८०. मशीनचे सेल नवीन आहेत ना, तेही विचारलं.

"सर्व नवं शे," अप्पा म्हणाले. "तू सांग, तुन्हाकडे लाईट शे ना?"

आज बुधवार. त्या वायरमनला फोन अजून लावलेला नाही.